‘चिंगी’ नव्हे, ‘चिंगे’ : मांजराला आपले बोलणे किती कळते, याच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आमच्या घरी दोन मांजरे आहेत. चिंगी ही चार वर्षांची तिरंगी मांजरी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावरच जन्मली. बंड्या हा दोन वर्षांचा, नसबंदी झालेला पिवळा बोका; तो पिल्लू असताना मुलीने त्याला रंकाळ्याच्या काठावरून उचलून आणला. आईचे ठाम मत असे की दोघांनाही आपले सगळे बोलणे कळते : ‘सुकट’ म्हटले की बंड्या हजर होतो, ‘डॉक्टर’ म्हटले की चिंगी दिवाणाखाली जाते आणि नावाने हाक मारली की चिंगीला ती कळते, पण ती मुद्दाम येत नाही. मुलगी नववीत असून तिला शाळेसाठी प्रकल्प हवा होता, म्हणून आईची ही तीन विधाने एकेक करून तपासायची असे ठरले. मी दूध संस्थेत हिशेब पाहतो, त्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. हाच उद्योग कोणी करणार असेल तर निदान आमच्या चुका त्याला पुन्हा कराव्या लागू नयेत, म्हणून त्या जशाच्या तशा लिहीत आहे.

पद्धत आम्ही जपानी संशोधिका अत्सुको साइतो यांची घेतली. त्यांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ७८ मांजरे होती. मांजराला आधी चार साधे शब्द अंतराने ऐकवायचे. शब्दांमागून शब्द येत राहिले आणि त्यातून काहीच घडले नाही की मांजर कान टाकते. पाचव्या वेळी त्याचे नाव ऐकवायचे. टाकलेला कान पुन्हा उभा राहिला, तर नाव त्याला बाकीच्या शब्दांहून वेगळे ऐकू आले असे धरायचे. हाक मारून मांजर येते का, एवढेच पाहणे पुरेसे नाही, कारण न येणे म्हणजे न कळणे नव्हे. साइतो यांच्याच २०१३ सालच्या प्रयोगात २० मांजरांनी मालकाचा आवाज अनोळखी आवाजांतून ओळखला होता, पण त्यांचा प्रतिसाद बहुतेक कान आणि मान हलवण्यापुरताच होता. उठून येणे किंवा म्याव करणे क्वचितच घडले. त्यामुळे कॅमेरा कानावर हवा, हे पहिल्याच दिवशी ठरले.

खरेदी : ब्लूटूथ स्पीकर १,२९९ रुपये, मोबाइलचा स्टँड २८० रुपये. आवाज मुलीचा, कारण मांजरांना संध्याकाळचे खाणे तीच घालते. शब्द ‘चिंगी’ला जुळतील असे, दोन अक्षरांचे आणि ईकारान्त निवडले : ‘पाटी’, ‘गाडी’, ‘काठी’, ‘भाजी’. यातला ‘भाजी’ हा शब्द स्वयंपाकघरात रोज उच्चारला जातो आणि त्याच्या आगेमागे ताटवाट्या वाजतात, हे मुलीच्या लक्षात आले. तो काढून ‘दोरी’ घातला.

९ ते ११ नोव्हेंबर

दुपारी तीन आणि रात्री नऊ अशा दिवसाला दोन खेपा, एकूण सहा. पहिल्या खेपेला स्पीकर सुरू करताच त्यातून एक बाई इंग्रजीत जोडणी झाल्याचे मोठ्याने सांगू लागली आणि बंड्या थेट मांडणीवर चढला. खाली येताना त्याने दोन पितळी डबे पाडले. त्यानंतर तासभर कोणतेही मांजर त्या खोलीत आले नाही. रात्रीच्या खेपा उसाच्या ट्रॅक्टरांनी खाल्ल्या. हंगाम सुरू झाल्यामुळे भरलेल्या ट्रॉल्या गाणी लावून मुख्य रस्त्याने जातात आणि आमच्या माजघरापर्यंत त्यांचा दणका पोहोचतो. चिंगीचा कान शब्दासाठी वळला की ट्रॅक्टरसाठी, हे चित्रफितीवरून सांगता येत नाही.

सहा खेपांत नावाला प्रतिसाद एकदाच मिळाला. आईने हे ऐकून, “तुमच्या यंत्रालाच काय कळत नसंल,” असा शेरा मारला. तो अर्धा खरा निघाला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुलीने चित्रफीत डोळे मिटून नुसती ऐकली, तेव्हा दोष सापडला. दोन शब्दांमध्ये आम्ही १५ सेकंदांची शांतता ठेवली होती, आणि तेवढ्या शांततेत हा स्पीकर वीज वाचवण्यासाठी स्वतःला झोपवून घेतो. पुढचा शब्द आला की तो जागा होतो, पण जागे होईपर्यंत पहिले अक्षर गळून जाते. आम्ही तीन दिवस चिंगीला तिचे नाव ‘गी’ असे ऐकवत होतो आणि ती दाद देत नाही म्हणून नोंदवत होतो. सहाही खेपा रद्द केल्या.

उपाय म्हणून ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत शांततेच्या जागी अगदी मंद खरखर भरून पाहिली, म्हणजे स्पीकर झोपणार नाही. तो झोपला नाही खरा, पण आम्हाला जेमतेम ऐकू येणारी ती खरखर चिंगीला चांगलीच ऐकू येत होती. ती स्पीकरसमोर पुढचे पाय दुमडून बसली आणि हलेना. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, तर मांजराला ८५ किलोहर्ट्झपर्यंत. त्यामुळे आपल्या कानाला स्वच्छ वाटलेली ध्वनिफीत मांजराच्या कानाला स्वच्छ वाटेलच असे नाही, हे आधी सुचायला हवे होते. शेवटी जुन्या संगणकाच्या सामानाच्या दुकानातून तारेचे स्पीकर ४५० रुपयांना आणि जोडतार ९० रुपयांना आणली. ब्लूटूथ स्पीकर दुकानदाराने परत घेतला नाही.

१४ ते १७ नोव्हेंबर

तारेच्या स्पीकरवर ‘चिंगी’ या नावाच्या आठ खेपा. रात्रीची वेळ सोडून सकाळची अकराची घेतली. घंटागाडी तोवर येऊन गेलेली असते. स्पीकर पडद्यामागे, कॅमेरा खिडकीच्या कट्ट्यावर, खोलीत माणूस नाही. चित्रफितींचा आवाज बंद करून त्या माझ्या पत्नीला दाखवल्या, आणि कोणत्या क्षणी कोणता शब्द आहे हे तिला सांगितले नाही. कान, मान, डोळे, शेपूट, जागेवरून उठणे एवढ्याच गोष्टी तिने खुणेने नोंदवायच्या होत्या. आधी हे काम मी केले होते, पण नाव कधी येणार हे मला ठाऊक असल्यामुळे मला प्रत्येक पाचव्या वेळी कान हललेला दिसत होता. पत्नीला तो आठांपैकी दोनदाच दिसला.

यंत्र नीट, शब्द नीट, आवाज घरातला, आणि तरीही दोन. मुलगी हिरमुसली. प्रकल्पाचा निष्कर्ष ‘मांजराला नाव कळत नाही’ असा लिहून टाकावा, इथपर्यंत मी आलो होतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी आई मेथी निवडत असताना मुलगी ध्वनिफीत पुन्हा तपासत होती. पाचवा शब्द ऐकून आईने मान वर केली आणि म्हणाली, “अशी कोण हाक मारतंय व्हय तिला? चिंगी म्हणून कधी बोलवलंय का आपण? चिंगे म्हणतो की!”

या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. मराठीत हाक मारताना नाव बदलते. मनीची मने होते, चिंगीची चिंगे होते. ‘चिंगी’ हा शब्द आम्ही तिच्याविषयी एकमेकांशी बोलताना वापरतो, तिच्याशी बोलताना नव्हे. ‘चिंगी कुठं गेली’, ‘चिंगीनं दूध सांडलं’ ही वाक्ये ती चार वर्षे ऐकत आली आहे, आणि त्यांपैकी एकाही वाक्यानंतर तिला काही मिळालेले नाही. जपानी मांजरांवर तपासलेली पद्धत आम्ही उचलली, पण मराठीतल्या संबोधनाचा विचार केला नाही. बोक्याच्या ‘बंड्या’सारख्या नावात हा घोळ नाही, तो हाकेतही बंड्याच राहतो. मांजरीचे नाव ईकारान्त असेल तर मात्र ध्वनिफीत करण्याआधी आपण तिला प्रत्यक्ष कशी हाक मारतो, ते चोरून ध्वनिमुद्रित करून ऐकावे.

नावाबरोबर बाकीचे शब्दही बदलावे लागले. ‘वांगे’, ‘डोळे’, ‘जोडे’, ‘गोटे’ हे एकारान्त शब्द घेतले आणि तेही मुलीने हाक मारल्याच्या सुरात म्हटले, नाहीतर एकटे नावच गोड सुरात येऊन उठून दिसले असते. “वांगेऽ” अशी प्रेमाने हाक मारताना तिला इतके हसू येत होते की चार शब्दांच्या ध्वनिमुद्रणाला पाऊण तास लागला.

१९ ते २२ नोव्हेंबर

‘चिंगे’च्या आठ खेपा. पहिल्या चारही वेळा स्पष्ट प्रतिसाद. पहिल्या खेपेची चित्रफीत आम्ही अनेकदा पाहिली : ‘वांगे’ला चिंगीने डोळे उघडले, ‘डोळे’ला एक कान मागे वळवला, ‘जोडे’ला कानाचे नुसते टोक हलले, ‘गोटे’ला काहीच नाही, आणि ‘चिंगे’ म्हणताच आधी डावा कान, मग दोन्ही कान आणि त्यामागून अख्खी मान पडद्याकडे वळली. उठली मात्र नाही. पुढच्या चार खेपांत प्रतिसाद एकदाच मिळाला. कारण दुसऱ्या दिवशी समजले.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज आमच्या हातून नुकसान झाले. संध्याकाळी मुलीने स्वतः “चिंगेऽ” अशी खरी हाक मारली, ताटली जमिनीवर ठेवली, आणि चिंगीने मान वळवली नाही. बंड्या तिचेही खाऊन गेला. चार दिवसांत आठ वेळा तिने आपले नाव ऐकले आणि आठही वेळा त्यातून काही निघाले नाही; तिच्या दृष्टीने नावही आता ‘वांगे’, ‘डोळे’ यांच्या पंक्तीला जाऊन बसले होते. हे प्रयोगाचे यश मानावे असे मुलीला एक क्षण वाटले, पण आईने आम्हा दोघांनाही जेवताना जे सुनावले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता ध्वनिफीत पूर्ण बंद. २ डिसेंबरपर्यंत तिचे नाव खाण्याच्या वेळी, खाणे हातात असतानाच घ्यायचे, आणि एरवी घरात कोणी ते उच्चारायचेही नाही.

२४ व २५ नोव्हेंबर

मधल्या दिवसांत शेजारच्या काकूंच्या पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरीवर पद्धत पडताळून घ्यावी म्हणून दोन दिवस घालवले. तिने कशालाच दाद दिली नाही. तिसऱ्या वेळी तिच्या पाठीमागे माझ्या हातून स्टँड फरशीवर पडला, तरी तिचा कान हलला नाही, तेव्हा प्रकाश पडला. पांढऱ्या केसांच्या आणि निळ्या डोळ्यांच्या मांजरांत जन्मजात बहिरेपणा बराच आढळतो. काकू तिला चार वर्षे ‘शिष्ट’ म्हणत होत्या. आता वाईट वाटून तिच्यासाठी वेगळे दूध आणतात. ज्यांना हा प्रयोग करायचा आहे त्यांनी मांजराच्या पाठीमागे आधी डब्याचे झाकण वाजवून पाहावे.

२६ ते ३० नोव्हेंबर

आईचे विधान दुसरे : ‘सुकट’ हा शब्द बंड्याला कळतो. शब्द कळतो की आईचा सूर कळतो, हे वेगळे काढण्यासाठी मुलीने ‘फुकट’ हा शब्द सुचवला आणि तिची ही सूचना मला अजून आवडते. आईच्या आवाजात चार ध्वनिफिती केल्या : ‘सुकट’ नेहमीच्या लाडिक, लांबवलेल्या सुरात, ‘फुकट’ त्याच सुरात, ‘सुकट’ बातम्या वाचल्यासारखे, ‘फुकट’ बातम्या वाचल्यासारखे. सपाट सुरातले ‘सुकट’ काढायला आईला फार कष्ट पडले, कारण तिच्या तोंडून तो शब्द लाडाशिवाय निघतच नाही.

स्पीकर स्वयंपाकघरात, बंड्या माजघरात, चिंगी वरच्या खोलीत मुलीजवळ. दिवसाला चार ध्वनिफिती, क्रम चिठ्ठ्या टाकून, दोन ध्वनिफितींमध्ये निदान दीड तास. पहिल्या दिवशी तो आला की आम्ही चिमूटभर सुकट देत होतो, पण त्यामुळे आम्ही तपासत नसून शिकवत आहोत हे ध्यानात आले, म्हणून ते बंद केले आणि दिवस संपल्यावर एकदाच दिली. सुकटीत मीठ असते. ती पाण्यात धुऊन आणि अगदी थोडी द्यावी. पाव किलोला १२० रुपये पडले आणि तिच्या वासाने पाच दिवस घरात कोणी पाहुणा टिकला नाही.

पाच दिवसांत लाडिक ‘सुकट’ला बंड्या पाचही वेळा आला. लाडिक ‘फुकट’ला चार वेळा आला. सपाट ‘सुकट’ला एकदा आला, सपाट ‘फुकट’ला एकदाही नाही. म्हणजे बंड्याला कळते ते आईचे गाणे; त्यात ‘स’ आहे की ‘फ’, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नाही. फ्रान्समधील शार्लोत द मुझों यांनी २०२२ साली १६ मांजरांवर केलेल्या कामाशी हे जुळते : मालक माणसांशी बोलत असलेल्या सुरातून मांजराशी बोलण्याच्या सुरात गेला की मांजरे दखल घेत, पण अनोळखी माणसाने तोच लाडिक सूर काढला तर घेत नसत.

हा निकाल आईला मान्य नाही. “येतंय न्हवं? मग झालं की,” एवढेच ती म्हणाली.

१ डिसेंबर, सोमवार

तरीही समोरासमोर हाक मारल्यावर बंड्या सपाट ‘सुकट’लाही येतो, असा आईचा दावा होता आणि तो खरा निघाला, चार वेळा म्हटले, चारही वेळा आला. मी मोबाइलवर बंड्याऐवजी आईचेच चित्रण केले. शब्द उच्चारण्याच्या आधी, प्रत्येक वेळी, तिची नजर फडताळाच्या वरच्या कप्प्यातल्या सुकटीच्या डब्याकडे जात होती आणि उजवा खांदा किंचित उचलला जात होता. तिला खाटेवर, फडताळाकडे पाठ करून, हात मांडीवर ठेवून बसवले आणि तोच शब्द म्हणायला लावला, तेव्हा बंड्या दारातच पाय चाटत बसून राहिला. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणिते सोडवत असे; ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. हे मी आईला सांगितले. घोड्याशी तुलना तिला रुचली नाही. बंड्याला रुचली असती की नाही, ठाऊक नाही.

सकाळी दूध घालायला येणाऱ्या मामांना हा सगळा प्रकार सांगितला, तेव्हा ते किटली खाली ठेवून म्हणाले, “आमच्या म्हशीला गाडीचा आवाज पुरतोय की. शब्द कशाला पायजेत?” दिवाळी पाडव्याला येथे सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागे गर्दीतून धावतात, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या नावाच्या हाकेवर धावतात की त्या विशिष्ट गाडीच्या फटफटीवर, हा प्रश्न मला आजवर पडला नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

विधान तिसरे : ‘डॉक्टर’. गेले चार दिवस आम्ही चिंगीच्या देखत हा शब्द बोलण्यात पेरत होतो, आधी सहज आणि नंतर चिंता केल्यासारख्या आवाजात. एकदाही तिने जागा सोडली नाही. आज मात्र पाहुण्यांसाठी मोठे पातेले काढायचे म्हणून पत्नीने स्टूल माळ्याखाली ओढले. लाकडी पाय फरशीवर घासल्याचा तो कर्रर्र आवाज होताच चिंगी खिडकीतून उडाली, जमिनीला पोट लावून माजघर ओलांडले आणि दिवाणाखाली भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. पशुवैद्याकडे न्यायची वेताची पेटी माळ्यावरच असते, आणि ती काढायला स्टूल लागतेच. स्टूल ओढताना घरात कोणीतरी नेहमी म्हणते की आज डॉक्टरकडे जायचे आहे. आईच्या लक्षात शब्द राहिला, चिंगीच्या लक्षात स्टूल. तिला बाहेर काढायला सव्वा तास गेला आणि पातेले मिळेपर्यंत पाहुणे आले.

या चाचणीची वेगळी पुनरावृत्ती केली नाही. तिला पुन्हा घाबरवण्यात अर्थ नव्हता.

१८ डिसेंबर, गुरुवार

३ डिसेंबरपासून चिंगीच्या नावाची चाचणी नव्याने केली, ती आज संपली. या वेळी दिवसाला एकच खेप, आणि एक दिवस आड करून दोन प्रकारच्या ध्वनिफिती : एकीत चार शब्दांनंतर ‘चिंगे’, दुसरीत चार शब्दांनंतर ‘पेढे’ हा पाचवा साधा शब्द. दुसरी ध्वनिफीत आम्ही पहिल्यांदा ठेवलीच नव्हती, आणि ती ठेवल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही, कारण पाचव्या वेळी कान नुसता कंटाळूनही हलू शकतो. नाव असलेल्या प्रत्येक खेपेनंतर अर्ध्या तासाने खरी हाक आणि खाणे.

नावाला आठांपैकी सहा वेळा प्रतिसाद मिळाला, ‘पेढे’ला आठांपैकी दोन वेळा. सहाही प्रतिसाद कान आणि मानेचे. त्यांपैकी एकदा ती उठली, पण खिडकी बदलून पुन्हा झोपली. आकडे लहान आहेत आणि मांजर एकच आहे. तरी आईच्या तीन विधानांपैकी मी सर्वांत थट्टेवारी नेलेले विधान, म्हणजे चिंगीला हाक कळते पण ती येत नाही, हेच तेवढे उभे राहिले आहे, आणि हे मला जेवणाच्या ताटावर कबूल करावे लागले.

बंड्यावर हीच पद्धत चालली नाही. तो ‘काठ्या’, ‘खुर्च्या’, ‘गाड्या’, ‘पाट्या’ या चारही शब्दांना शेपूट वर करून पडद्यापर्यंत येतो. कान टाकतच नाही, तर पुन्हा उभा कोणता राहणार? दहा खेपा वाया गेल्या. ‘चिंगे’ या हाकेलाही तोच आधी येतो, कारण त्या हाकेनंतर ताटली येते. साइतो यांच्या प्रयोगात मांजरांच्या कॅफेत राहणाऱ्या मांजरांना आपले नाव आणि सोबतच्या मांजरांची नावे यांत फरक करता आला नव्हता. सगळ्यांना एकदमच हाका मारल्या आणि खाऊ घातले तर दुसरे काय होणार, असे मला आता वाटते. मुलीने यापुढे दोघांना वेगवेगळ्या वेळी खायला घालायचे ठरवले आहे.

२२ डिसेंबर, सोमवार

जपानमधल्याच साहो ताकागी यांच्या गटाने २०२२ साली घरातल्या मांजरांना सोबतच्या मांजराचे नाव ऐकवून पडद्यावर कधी त्याचे, कधी दुसऱ्याचे छायाचित्र दाखवले होते. नाव आणि चेहरा जुळला नाही तर मांजरे अधिक वेळ पाहत राहिली. आम्ही मुलीच्या टॅबलेटवर तसे करून पाहिले. चिंगी टॅबलेटच्या मागे जाऊन बसली, कारण तो मागून गरम होता. चाचणी सोडून दिली.

२७ व २८ डिसेंबर

शेवटची चाचणी मूळ यादीत नव्हती. ताकागी यांनीच २०२१ साली असे पाहिले होते की मालकाचा आवाज एका जागेहून ऐकू आला आणि लगेच, मधले अंतर चालून जाणे शक्य नसताना, दुसऱ्या जागेहून आला, तर मांजरे चकित झाल्यासारखी वागतात. आम्ही सोपा प्रकार केला. आई सोप्यात शेंगा फोडत बसलेली, चिंगी तिच्यासमोर हातभर अंतरावर. माजघरात पडद्यामागे स्पीकर, आणि त्यातून आईच्याच आवाजात ‘चिंगे’. आईला तोंड मिटून ठेवायला सांगितले होते.

आवाज आला. चिंगीचे कान माजघराकडे वळले, पण मान वळली नाही. तिची नजर आईच्या तोंडावर होती. मग तिने मान वळवून पडदा पाहिला, पुन्हा आईकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे. त्यानंतर ती उठली, आईच्या गुडघ्यावर पुढचे दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि आईच्या हनुवटीचा वास घेऊ लागली. आईला राहवले नाही आणि ती “काय गं चिंगे?” म्हणाली, त्यामुळे पुढची खेप बाद झाली. दुसऱ्या दिवशी तीच ध्वनिफीत लावली, तेव्हा चिंगीने एक कान वळवला आणि शेंगांच्या टरफलांशी खेळत राहिली.

३१ डिसेंबर, बुधवार

खर्च : १,२९९ + २८० + ४५० + ९० + १२०, एकूण २,२३९ रुपये, त्यांपैकी पहिले १,२९९ निव्वळ वाया गेले. वेळ साडेसात आठवडे, त्यात ग्राह्य धरलेल्या चाचण्यांचे दिवस निम्म्याहून कमी. शाळेत द्यायचा तक्ता मुलगी आज लिहीत आहे. मांजराच्या नावाच्या रकान्यात तिने आधी ‘चिंगी’ लिहिले होते. ते खोडून ‘चिंगे’ केले आहे, आणि बाई ती चूक म्हणून दुरुस्त करतील, अशी तिला भीती आहे.